कोलारेश : वाळूतले द्राक्षमळे

कोलारेश हा पोर्तुगालमधील सिंत्रा पालिका क्षेत्रात, अटलांटिक महासागराच्या काठी वसलेला लहानसा द्राक्षप्रदेश होय. लिस्बनपासून तो सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. वाइननिर्मितीचा प्रदेश म्हणून त्याच्या सीमा १९०८ मध्ये कायद्याने निश्चित झाल्या.

या प्रदेशाचे वेगळेपण त्याच्या वाळूत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या मुळांवरील सूक्ष्म किडीने युरोपातील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. अमेरिकी खुंटावर युरोपीय वेलीचे कलम बांधणे हाच अन्यत्र उपाय ठरला. कोलारेशच्या सुट्या वाळूत मात्र ही कीड तग धरू शकली नाही. त्यामुळे येथील लाल वाइनची रामिस्को आणि पांढऱ्या वाइनची माल्वाझिया या जातींच्या वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत.

वाळूने दिलेल्या या संरक्षणाची किंमत कष्टांनी मोजावी लागते. वेलीची मुळे वाळूखालच्या चिकणमातीत रुजवावी लागतात. त्यासाठी पूर्वी काही मीटर खोल चर हातांनी खणत. वाळू ढासळल्यास गुदमरू नये म्हणून खणणारे डोक्यावर टोपली घेत. खारा वारा अडवण्यासाठी वाळलेल्या बोरूचे कूड उभारतात. वेली जमिनीलगत पसरतात. घोस तापलेल्या वाळूवर भाजू नयेत म्हणून फळ पिकण्याच्या सुमारास फांद्यांना टेकू देतात. यातील बहुतेक कामांत यंत्राचा उपयोग होत नाही.

धुके आणि गार वारे यांमुळे द्राक्षे सावकाश पिकतात. रामिस्कोची वाइन अल्कोहोलने हलकी, परंतु आंबट व तुरट असते. ती मवाळ होण्यास अनेक वर्षे लागतात. ज्याला लवकर पैसा हवा, त्याचा हा व्यवसाय नव्हे.

१९३१ मध्ये स्थापन झालेली 'अदेगा रेजिओनाल' ही येथील उत्पादकांची सहकारी संस्था. वाळूतल्या द्राक्षांची वाइन करण्याचा अधिकार दीर्घकाळ तिच्याकडेच होता. खासगी पेढ्या तयार वाइन विकत घेऊन मुरवीत व आपल्या नावाने विकीत. १८०८ पासूनची 'व्हियूव्हा गोमिश', म्हणजे 'गोमिश यांची विधवा', ही त्यांपैकीच एक पेढी. आज ती बायेता कुटुंब चालवते आणि स्वतःची लागवडही करते. पणजीतील कार्यालयामुळे गोमंतकीयांना परिचित असलेल्या 'फुंदासांव ओरिएंत' या संस्थेचेही येथे मळे आहेत.

एके काळी हजारभर हेक्टरांवर पसरलेली ही लागवड आज त्याच्या अगदी लहानशा अंशावर आली आहे. राजधानी जवळ, समुद्र समोर. साहजिकच घरे व बंगल्यांसाठी जमिनीला मिळणाऱ्या भावापुढे द्राक्षांचे उत्पन्न टिकत नाही. जे किडीला साधले नाही, ते जमिनीच्या व्यवहारांनी साधले. अलीकडे काही कुटुंबांनी पुन्हा वाळूत वेली लावल्या आहेत. एकदा बांधकामाखाली गेलेल्या वाळूत मात्र वेल पुन्हा लावता येत नाही. म्हणूनच जमीन न विकण्याचा त्या कुटुंबांचा निर्णय हाच आज रामिस्कोचा खरा आधार आहे.