आगबोटीवरील वेष आणि खोली

वेंगुर्ले, मालवण किंवा पणजी येथून आगबोटीने मुंबईस गेलेली वडीलधारी माणसे ज्या घरांत होती, त्या घरांत त्या प्रवासाच्या कथा पुष्कळ काळ सांगितल्या जात. डेकवर पसरलेली वळकटी, उशाशी फराळाचा डबा आणि बंदर आले म्हणजे पडावात उतरताना सावरलेले धोतर वा लुगडे, एवढाच काय तो त्या प्रवासाचा थाट. त्या आगबोटी केव्हाच बंद पडल्या. आता लहान जहाजांवर लोक सुखासाठी सहलीस जातात, आणि कोणते कपडे न्यावेत व कोणती केबिन घ्यावी, असे स्नेही आम्हांस विचारतात. प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु दीडशे वर्षांमागे हाच प्रश्न जातीच्या पंचांपुढे जात असे, आणि त्याच्या उत्तरावर माणसाचे घरदार अवलंबून असे.

शास्त्र पाहू गेल्यास बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवासाची गणना पतनीय कर्मांत केलेली आहे. आणि त्याच सूत्रात उत्तरेकडील लोकांचे विशेष आचार सांगताना समुद्रप्रवासाचाही निर्देश येतो. वकिली करणाऱ्यास यात नवल वाटत नाही. जे कोणी करीतच नाही, त्याचा निषेध करण्याचे कारण पडत नाही. पुढे हा प्रवास कलिवर्ज्यांत गेला. तथापि लोकांच्या मनातील भय पाण्याचे नव्हते. बोटीवर कोणाच्या हातचे खावे लागेल, कोणाच्या शेजारी निजावे लागेल आणि अंगावर काय चढवावे लागेल, याचे ते होते. म्हणून घर सुटल्यावर बोटीची खोली हीच घराची शेवटची भिंत ठरली, आणि वेष हा शेवटचा उंबरठा.

१८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. तत्पूर्वी श्रीरामपूर येथील सभेत आपण हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी निक्षून सांगितले होते. हे वचन त्यांनी प्रथम वेषाने पाळले. परदेशी त्या लुगड्यातच वावरल्या. मात्र नऊवारीने पायांच्या पोटऱ्या झाकत नाहीत आणि तिकडील थंडी व शिष्टाचार दोन्ही कडक, हे ध्यानी घेऊन त्यांनी पुढे गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. वेष बदलला, पण सोडला नाही. बदलणे आणि सोडणे यांतील हा भेद त्या अठरा वर्षांच्या मुलीस कळला होता. पुष्कळ पंचांस तो कळला नाही.

१८८८ च्या ४ सप्टेंबरला मोहनदास गांधी ‘क्लाइड’ बोटीने मुंबईहून विलायतेस निघाले. त्यांच्या जातीने त्यांस बहिष्कृत केले होते, आणि जो कोणी त्यांस साह्य करील वा निरोप देण्यास धक्क्यावर जाईल त्यास सव्वा रुपया दंड ठरविला होता. मित्रांनी त्यांची सोय जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजमुदार यांच्या खोलीत केली. अननुभवी तरुणास अनुभवी सोबती मिळावा, एवढाच त्या निवडीचा हेतू. काटेचमचे हाताळता येत नव्हते आणि वाढलेल्या पदार्थांत मांस आहे किंवा नाही, हे विचारण्यास धीर होत नव्हता. म्हणून बरोबर आणलेली मिठाई व फळे खाऊन ते खोलीतच राहत. बोटीवर काळा पोशाख घालून त्यांनी पांढरा फ्लॅनेलचा पोशाख उतरण्याच्या वेळेसाठी राखून ठेविला. सप्टेंबरअखेर विलायतेत उतरतात तो पांढऱ्या कपड्यांतील मनुष्य सर्व गर्दीत ते एकटेच! आणि सामान किल्ल्यांसह दलालाच्या स्वाधीन केलेले. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून सोमवारपर्यंत ते हाती येणे नाही. १८९१ मध्ये परतल्यावर वडील बंधूंनी त्यांस नाशिकला नेऊन गोदास्नान घडविले व राजकोटला जातीभोजन घातले. तरी जातीचा एक पक्ष दूरच राहिला.

आता दुसरे टोक पाहावे. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकास जयपूरचे महाराज माधोसिंह निघाले, तेव्हा त्यांनी ‘ऑलिंपिया’ ही नवी बोट सबंध भाड्याने घेतली. जिच्यावर निषिद्ध मांस कधी शिजले नाही अशीच बोट त्यांस हवी होती. बोटीवर श्रीगोपालजींची स्वतंत्र स्थापना झाली, आणि गंगाजल भरून प्रचंड रौप्यकुंभ नेण्यात आले. त्यांतील दोन जयपूरच्या राजवाड्यात आजही पाहावयास मिळतात; एकेकाचे वजन सुमारे ३४५ किलो आहे. महाराजांच्या श्रद्धेविषयी आम्हांस शंका नाही. परंतु समुद्र तोच, निषेधही तोच. ज्याच्याजवळ द्रव्य होते त्याने आपल्याबरोबर देवालय नेले, आणि ज्याच्याजवळ मिठाईचा डबा होता त्यास जातीबाहेर व्हावे लागले. कायदा सर्वांस सारखा नसेल तर तो कायदा नव्हे, रूढी होय. आणि आमच्या देवस्थानांच्या महाजनांनीही हे स्वतःस विचारून पाहण्यासारखे आहे.

१९३१ च्या २९ ऑगस्टला गांधीजी ‘राजपुताना’ बोटीने गोलमेज परिषदेस पुन्हा निघाले. या वेळी अंगावर पंचा होता, तिकीट सर्वांत खालच्या वर्गाचे होते, आणि रात्री ते डेकवर निजत. सोबत्यांनी घेतलेल्या अनावश्यक पेट्या त्यांनी एडनहून परत धाडविल्या. त्याच बोटीवर पंडित मदनमोहन मालवीय गंगाजल बरोबर घेऊन चालले होते. दोघांचे आचार भिन्न, पण एकाने दुसऱ्यास बहिष्कृत केले नाही. त्रेचाळीस वर्षांत समुद्र बदलला नव्हता. माणसे बदलली होती.

तेव्हा स्नेह्यांस आमचे उत्तर असे. खोली बोटीच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर घ्यावी, तेथे हेलकावे सर्वांत कमी लागतात. कपडे निघण्याच्या बंदराचे नव्हे, पोहोचण्याच्या बंदराचे ऋतुमान पाहून घ्यावेत, आणि एक जोड सदैव हाताशी ठेवावा. धर्माविषयी म्हणाल, तर तो पेटीत भरता येत नाही आणि दलालाच्या स्वाधीनही करता येत नाही. तो ज्याचा त्याने अंगावर वागवावयाचा असतो.