आगोटीचे दिवस

मे महिना अर्धा सरला की रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांमध्ये खळ्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. एका बाजूला कैरीच्या फोडींची आंबोशी वाळत असते, सुपात कुळीथ असतात, जुन्या धोतरावर आमसुलं पसरलेली असतात. किनाऱ्याकडच्या घरांत त्यात जवळा, बोंबील आणि खारवलेल्या बांगड्यांची भर पडते. मृगाचा पाऊस लागायच्या आत हे सगळं माळ्यावर, बरण्यांत, डब्यांत गेलंच पाहिजे. चार महिन्यांच्या या बेगमीला कोकणात आगोट म्हणतात.

आगोटीमागे खरा धाक होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईहून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड अशी बंदरं घेत रत्नागिरीला येई. समुद्र खवळायच्या सुमारास ही वाहतूक बंद होई, ती पाऊस ओसरल्यावरच सुरू व्हायची. कोल्हापूरकडून यायला आंबा घाट आणि कराडकडून कुंभार्ली, पण पावसात घाटवाटेचा भरवसा काय धरायचा? मासेमारीही थांबलेली. घरात जे साठवलं असेल त्यावरच श्रावणापर्यंत निभवायचं.

त्यातून कर्ते पुरुष मुंबईत. 1921च्या जनगणनेत मुंबईतल्या दोन लाखांहून अधिक लोकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला होता. तेव्हा आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भागही याच जिल्ह्यात होता. त्यातले कितीतरी जण गिरण्यांत राबत होते. गावाकडे मनीऑर्डर येई, पण तिच्यातून किती मीठ, किती मिरची घ्यायची, तांदूळ दिवाळीपर्यंत कसा पुरवायचा, हा सगळा हिशेब घरातल्या बाईच्या डोक्यात असे. गिरण्यांचा आणि बंदरांचा इतिहास लिहिला गेला. या हिशेबाची नोंद मात्र कुठल्या दप्तरात झाली नाही, आणि ही उणीव लहान नाही.

पण आगोट नुसत्या धाकावर चालली नाही. आंबापोळीचंच पाहा. हापूस पेट्यांत भरून मुंबईला जाई. पोळीला येई तो परसातला, पाणंदीतला रायवळ. आंबट-गोड, धाग्यांनी भरलेला. रस काढून चाळायचा, ताटाला तुपाचा हात फिरवायचा आणि पातळ थर ओतून ताट उन्हात ठेवायचं. तो थर सुकला की त्यावर दुसरा, मग तिसरा. राखणीला मुलं बसवायची, हातात कावळे हाकायची काठी देऊन. ती कावळे हाकतातच, पण ताटाची सुकलेली कडही बोटाने उचकटून खातात. कडा तुटणार हे ताट ठेवणाऱ्या आजीला ठाऊक असतं, म्हणून ती एक ताट जास्तच घालते.

आमसुलांसाठी रातांब्यांचं कामही असंच चिकाटीचं. सालं मिठात आणि रातांब्याच्याच रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. पुटं देत देत त्यांना काळसर रंग चढतो. बियाही फुकट जात नाहीत. त्या कुटून उकळल्या की वर तेल येतं. ते थिजलं की त्याचे गोळे वळून ठेवतात आणि लावणीच्या चिखलात पायांना भेगा पडल्या की चोळतात.

संध्याकाळी फणस फोडायला शेजारणी जमतात. हाताला खोबरेल लावून एकीने चिरायचा, बाकीच्यांनी गरे सोलायचे, आठळ्या वेगळ्या काढायच्या. पुरुषमाणूस घरी नसलेल्या त्या वर्षांत मनातलं बोलायला बायकांना अशी सवड एरवी कुठे मिळत होती? मुंबईहून आलेलं पत्र, माहेरची बातमी, सुनेचं बाळंतपण, सगळं त्या चिकाने भरलेल्या हातांनीच बोलून होई. कष्ट होतेच, पण वर्षातले सर्वांत भरलेले दिवसही हेच होते.

1998 साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि पावसाळ्यात जगापासून तुटण्याचा धाक जवळजवळ संपला. आता ऐन आषाढातही रत्नागिरीच्या बाजारात हवं ते मिळतं. तरी मे महिन्यात खळी रिकामी राहत नाहीत. बचत गटांच्या बायका आंबापोळी, फणसपोळी, रातांब्याचं आगळ विकून चार पैसे मिळवतात. आणि बाजारात सगळं मिळत असतानाही घरचं एक ताट उन्हात पडतंच. ते आता भुकेच्या भीतीने नाही, हौसेने पडतं.

हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची कलमं रोपवाटिकांत हवी तेवढी मिळतात. रायवळाचं तसं नाही. तो बाठ्यातून उगवतो, प्रत्येक झाडाची चव निराळी असते, आणि रस्ता रुंद करताना किंवा घर वाढवताना पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते. तोडलेल्या झाडाची चव दुसऱ्या बाठ्यातून जशीच्या तशी परत येत नाही. पोळीला ती आंबट-गोड चव हवी असेल तर परसात, बांधावर, शाळेच्या आवारात रायवळाला मुद्दाम जागा राखायला हवी, आणि ती याच पावसात.