ब्रेक, जुन्या ट्रकांचे

सु. १९३० ते १९७० या काळात बांधलेल्या मालवाहू मोटारगाड्यांची गती कमी करण्याची व त्या थांबविण्याची यंत्रणा. या ट्रकांत चालकाच्या पायाचे बळ चाकांपर्यंत दोन रीतींनी पोचविलेले आढळते. पहिल्या रीतीत पेडलाची तरफ आणि तेलाचा दाब यांखेरीज दुसरे साहाय्य नसते. हे साधे ब्रेक होत. दुसऱ्या रीतीत एंजिनामुळे निर्माण होणाऱ्या अंशतः निर्वाताची भर पायाच्या बळात घातली जाते. अशा ब्रेकांना प्रचारात पॉवर ब्रेक म्हणतात. जुना ट्रक पुन्हा रस्त्यावर आणताना यांपैकी कोणते ब्रेक ठेवावेत, हा प्रश्न बहुधा सोयीचा म्हणून विचारला जातो. वस्तुतः तो प्रमाणाचा प्रश्न आहे. पेडल, मास्टर सिलिंडर आणि चाकातील यंत्रणा ही एकमेकांसाठी आखलेली असतात. त्यांतील एकच भाग बदलल्यास ट्रक पूर्वीपेक्षा धोकादायक होऊ शकतो.

चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या आत शू दाबून घर्षण उत्पन्न करण्याची कल्पना लुई रनो यांनी १९०२ मध्ये रूढ केली. प्रारंभी पेडलाचे बळ लोखंडी सळ्या व तारा यांच्या द्वारे चाकांकडे जाई. सळ्यांची लांबी थोडी कमीजास्त झाली, की एक चाक आधी धरे व गाडी बाजूला ओढली जाई. बंदिस्त द्रवातील दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, या तत्त्वाचा उपयोग माल्कम लॉकहीड यांनी केला आणि १९२१ मध्ये डूझेनबर्ग गाडीच्या चारही चाकांना द्रवीय ब्रेक लाभले. शेव्हरोलेने ही पद्धत १९३६ मध्ये स्वीकारली. हेन्री फोर्ड यांचा पोलादी सळ्यांवर अधिक विश्वास होता. त्यांच्या गाड्यांना द्रवीय ब्रेक येण्यास १९३९ साल उजाडले.

या काळातील हलक्या ट्रकांना बाह्य साहाय्याची गरज फारशी भासली नाही, याचे कारण ड्रमच्या रचनेतच आहे. फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढू पाहतो आणि त्यामुळे शू ड्रमवर अधिकच आवळला जातो. बेंडिक्स पद्धतीत पहिला शू दुसऱ्यालाही रेटतो. म्हणजे चालकाने दिलेले बळ चालत्या चाकाकडूनच वाढवून मिळते. शेव्हरोलेच्या अर्धा टनी ट्रकाला १९५१ पासून या पद्धतीचे ब्रेक होते. तथापि या गुणाची दुसरी बाजूही आहे : लायनर ओले झाले, त्यांवर तेल उतरले किंवा ते तापले, की घर्षण बदलते आणि हे स्वयंवर्धनही त्याबरोबर बदलते. एकच चाक पकडून ट्रक वळणे, हा जुन्या चालकांच्या परिचयाचा दोष यातूनच येतो.

जड ट्रकांची गोष्ट वेगळी होती. अनेक टनांचे ओझे केवळ पायाने आवरणे कठीण असल्यामुळे निर्वाताचे साहाय्य प्रथम याच क्षेत्रात महत्त्वाचे ठरले. बेल्जियन अभियंते आल्बेर दवाँद्र यांनी आखलेल्या निर्वात साहाय्यकाचे उत्पादन जर्मनीतील बॉश कंपनीने १९२७ मध्ये सुरू केले. अमेरिकेत पियर्स-ॲरो या महागड्या मोटारींना १९२८ मध्ये असे साहाय्य मिळाले. पेट्रोल एंजिनातील थ्रॉटलची झडप बहुतांशी मिटलेली असताना तिच्यामागील नळीत हवेचा दाब कमी होतो. बूस्टरमध्ये एक लवचिक पडदा असतो. त्याची एक बाजू या नळीला जोडलेली असते. पेडल दाबताच दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक दट्ट्याला पुढे रेटतो. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांहून अधिक संख्येने बनलेल्या जीएमसीच्या अडीच टनी ट्रकांना बेंडिक्सचा हायड्रोव्हॅक हा बूस्टर होता. तो पेडलाशी जोडलेला नसून तेलाच्या नळीत मध्येच बसविलेला असे. त्यामुळे पेडलाची मूळ रचना न बदलता तो ट्रकाच्या सांगाड्याखाली कोठेही लावता येई. पुनर्बांधणी करणाऱ्यांना हा गुण आजही उपयोगी पडतो.

निवडीतील खरी मेख आकड्यांनी स्पष्ट होते. साध्या ब्रेकांत पेडलाच्या तरफेचे प्रमाण साधारणपणे ६:१ असते. चालकाने ३० किग्रॅ. बळ दिल्यास दट्ट्यावर १८० किग्रॅ. बळ येते. मास्टर सिलिंडरचा व्यास २२·२ मिमी. असेल, तर त्यामुळे दर चौ.सेंमी.ला सु. ४६ किग्रॅ. दाब निर्माण होतो. बूस्टर असलेल्या ट्रकात तरफ साधारणतः ४:१ व सिलिंडर मोठा, उदा., २८·६ मिमी. व्यासाचा असतो. सु. २३ सेंमी. व्यासाचा पडदा आणि पाऱ्याच्या ४५ सेंमी. इतका निर्वात धरला, तर पडद्यावर जास्तीत जास्त २५० किग्रॅ. बळ मिळते. पायाकडून आलेले १२० किग्रॅ. त्यात मिळविल्यास दाब सु. ५८ किग्रॅ. होतो. हा फायदा डोळ्यांत भरण्याजोगा आहे. परंतु एंजिन बंद पडले व साठलेला निर्वात संपला, की त्याच पायाच्या त्याच बळाने केवळ १९ किग्रॅ. दाब मिळतो. साध्या ब्रेकांइतका दाब मिळविण्यासाठी चालकाला पेडलावर सु. ७४ किग्रॅ. बळ द्यावे लागेल. एकेरी झडपेमुळे बूस्टरमध्ये राहिलेला निर्वात दोन-तीन वेळा ब्रेक लावण्यास पुरतो. पाय पुनःपुन्हा उचलल्यास तोही संपतो.

यावरून दोन चुका टाळण्याजोग्या ठरतात. बूस्टर काढून टाकून ४:१ ची तरफ व मोठा सिलिंडर तसाच ठेवणे ही पहिली व अधिक घातक चूक. असा ट्रक अंगणात थांबतो, उतारावर थांबत नाही. दुसरी चूक उलट आहे : ६:१ च्या पेडलावर मोठा बूस्टर चढविल्यास पायाच्या हलक्या स्पर्शानेही ड्रम पकडतात आणि रिकामा ट्रक, विशेषतः त्याची हलकी मागची बाजू, ओल्या रस्त्यावर घसरते. बारीक सिलिंडरने दाब वाढतो. पण त्याच दट्ट्याच्या चालीत तेल कमी सरकते व पेडल अधिक खाली जाते, हेही विसरून चालत नाही.

पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसविले की हिशेब पुन्हा बदलतो. सपाट डिस्क पॅडला आपल्याकडे ओढत नाही, म्हणजे ड्रममधील स्वयंवर्धन तिच्यात नसते. साहजिकच तिला बराच अधिक दाब लागतो. शेव्हरोले व जीएमसी यांच्या हलक्या ट्रकांना पुढे डिस्क ब्रेक सरसकट मिळाले ते १९७१ च्या प्रतिमानांपासून, आणि डिस्कबरोबर बूस्टरचा प्रसार वाढला तो याच कारणाने. बूस्टर ही केवळ चैन असल्याचा समज ड्रमच्या ट्रकापुरता बराचसा खरा आहे; डिस्कच्या वजनदार ट्रकाला तो लागू पडत नाही.

१९५५ पूर्वीच्या अनेक ट्रकांत पेडल फळीतून वर येते व मास्टर सिलिंडर फळीखाली सांगाड्यालगत असतो. तेथे जागा थोडी असल्याने लहान व्यासाचा, दोन पडद्यांचा बूस्टर घ्यावा लागतो. शिवाय सिलिंडर चाकातील यंत्रणेपेक्षा खाली राहिल्यास तेल मागे परतते. ते रोखण्यासाठी नळीत अल्प दाब टिकविणारी झडप लागते. हा दाब डिस्कसाठी दर चौ.सेंमी.ला सु. ०·१४ किग्रॅ., तर ड्रमसाठी सु. ०·७ किग्रॅ. असतो. निर्वात एंजिनावर अवलंबून असल्याने झिजलेल्या किंवा शर्यतीसाठी कॅम बदललेल्या एंजिनावर बूस्टर दुर्बळ ठरतो. डीझेल एंजिनात हवा अडविणारी थ्रॉटलची झडप सामान्यतः नसतेच. म्हणून जुन्या पेट्रोल ट्रकात डीझेल एंजिन बसविणाऱ्याला स्वतंत्र निर्वात पंपाची तजवीज करावी लागते.

भारतात हे ट्रक अपरिचित नव्हते. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे १९२८ मध्ये जुळणीचा कारखाना काढला आणि तो १९५४ पर्यंत चालला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्राइस्लरच्या सहकार्याने डॉज व फार्गो ट्रक बनविले. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या मालाला बोरघाट चढणे-उतरणे प्राप्तच होते, आणि ब्रेकांची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते. भरलेला ५ टनी ट्रक ५०० मी. खाली उतरतो तेव्हा सु. २·४५ कोटी जूल ऊर्जा मुक्त होते. ताशी ६० किमी. वेगाने जाणारा हाच ट्रक एकदा पूर्ण थांबविताना सु. ७ लाख जूल उष्णता होते. म्हणजे घाट केवळ ब्रेकांवर उतरणे हे तो ट्रक जवळजवळ पस्तीस वेळा, तोही ड्रम थंड होण्यास उसंत न देता, थांबविण्यासारखे आहे. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो, लायनरचे घर्षण घटते, आणि तेलात पाणी मुरलेले असल्यास त्याची वाफ होऊन पेडल पोकळ लागते. बूस्टर यांपैकी कशावरही उपाय नाही. उलट साध्या ब्रेकांत पेडल जड होऊ लागले की चालकाला वेळीच इशारा मिळतो, तर बूस्टर तीच उणीव काही काळ झाकून ठेवतो. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा दंडक दोन्ही प्रकारच्या ब्रेकांना सारखाच लागू होता.

बूस्टरपूर्वी विचारात घेण्याजोगा एक बदल मात्र आहे. या ट्रकांचा मास्टर सिलिंडर एककक्षी असल्याने एक नळी फुटली तरी चारही चाके निकामी होतात. अमेरिकेत १९६७ च्या सुमारास द्विकक्षी सिलिंडर सार्वत्रिक झाला. पुढच्या व मागच्या चाकांसाठी त्यात स्वतंत्र तेलमार्ग असतात. साध्या ब्रेकांनाही तो बसविता येतो. भारतात असे बदल करताना कायद्याचे भान ठेवावे लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. तसेच २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीप्रमाणे व्यापारी वापरात नसलेल्या व पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळण्यासाठी सांगाडा, बाह्य कवच व एंजिन यांत फेरफार झालेला नसावा लागतो. बूस्टरचा आधार सांगाड्याला वितळजोडाने बसवावा, की मूळ छिद्रांचा उपयोग करून बोल्टांनी आवळावा, हे ठरविताना मालकाला या अटीचाही विचार करावा लागतो.