मेंदूतील गाठ : उपचारांनंतरची दीर्घकालीन देखरेख (प्रौढ)

मेंदूतील गाठीवर शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा औषधोपचार झालेल्या प्रौढांच्या प्रकृतीवर पुढे अनेक वर्षे, बहुधा आयुष्यभर, ठेवायचे लक्ष. गाठ पुन्हा वाढते आहे का हे पाहणे हा या देखरेखीचा एक भाग. उपचारांनी मागे ठेवलेले परिणाम ओळखणे हा दुसरा भाग असून दुर्लक्ष होते ते त्याच्याकडेच.

पहिला एमआरआय शस्त्रक्रियेनंतर सहसा ७२ तासांच्या आत काढतात आणि पुढची चित्रे त्याच्याशी ताडून पाहतात. ग्लायोब्लास्टोमात पहिली ३ वर्षे दर २ ते ४ महिन्यांनी तपासणी होते. सौम्य मेनिंजिओमात काही वर्षांनी ती वर्षातून एकदा किंवा त्याहूनही विरळ पुरते. किरणोपचारानंतरच्या पहिल्या ३ महिन्यांत गाठ वाढल्यासारखी दिसली, तरी ती उपचारांमुळे आलेली सूज असू शकते. त्यामुळे एका चित्रावरून निष्कर्ष काढत नाहीत. जुन्या फिल्म आणि सीडी म्हणूनच टाकून देऊ नयेत.

रुग्ण ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात, त्या किरणोपचाराचा परिणाम नाकाच्या मुळामागे असलेल्या, वाटाण्याएवढ्या पिट्यूटरी ग्रंथीवर सावकाश होतो. कधी कधी तो १० वर्षांनीही उघड होतो. सामान्यतः वाढीचे संप्रेरक आधी घटते; लैंगिक संप्रेरके, कॉर्टिसॉल आणि थायरॉइड यांची पाळी पुढे येते. थकवा, पाळी अनियमित होणे, कामेच्छा मंदावणे, उठताना चक्कर येणे ही लक्षणे. ‘एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलाय, अशक्तपणा राहणारच’ असे घरात म्हटले जाते आणि बरा होण्याजोगा त्रास तसाच अंगावर काढला जातो. येथे एक चूक वारंवार होते : केवळ टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे पिट्यूटरीचे संप्रेरक) तपासून थायरॉइड ठीक असल्याचे सांगितले जाते. दोष पिट्यूटरीत असेल तर टीएसएच सामान्य दिसू शकतो, म्हणून फ्री टी-४ सोबत पाहणे आवश्यक असते. सकाळच्या कॉर्टिसॉलची कमतरता आढळली, तर ती आधी भरून काढून मगच थायरॉइडची गोळी सुरू करावी; हा क्रम उलटल्यास जिवावर बेतू शकते.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील एका चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ३ ते २५ वर्षे वयाच्या २०० रुग्णांना नेमक्या जागी केंद्रित केलेले किंवा पारंपरिक पद्धतीचे किरण देण्यात आले होते. ५ वर्षांत संप्रेरकांचे नवे दोष पहिल्या गटात ३१ टक्के, तर दुसऱ्यात ५१ टक्के आढळले. किरण कसे दिले, यावर पुढची देखरेख किती अवलंबून असते, ते यातून दिसते.

स्मृती आणि एकाग्रतेचे नुकसान एमआरआयमध्ये सहसा दिसत नाही. नेदरलँड्समधील २००९ च्या अभ्यासात कमी दर्जाच्या ग्लायोमाचे ६५ रुग्ण सरासरी १२ वर्षांनी तपासले गेले. गाठ स्थिर असूनही, किरणोपचार घेतलेल्यांची एकाग्रता घसरत गेली होती. रोजच्या जगण्यात हे भिशीच्या हिशेबात होणाऱ्या चुकांतून, गॅस चालू राहण्यातून किंवा चारचौघांतले बोलणे टाळण्यातून कळते. रुग्णाला स्वतःला ते जाणवेलच असे नाही. म्हणून जोडीदाराला किंवा मुलांना वेगळे विचारावे, आणि चाचणी रुग्णाच्या मातृभाषेत घ्यावी.

फिट येणाऱ्यांच्या औषधांचा आढावा अधूनमधून घ्यावा लागतो : लेव्हेटिरासिटाममुळे चिडचिड वाढू शकते, तर दीर्घकाळ घेतलेल्या फेनिटॉइनमुळे हाडे ठिसूळ होऊ शकतात. मेंदूची सूज उतरवण्यासाठी दिलेले डेक्सामेथासोनही हाडांना आणि रक्तशर्करेला बाधते. गाठीवरील केमोथेरपीचे औषध लोमुस्टिन फुप्फुसांवर आणि प्रजननक्षमतेवर परिणाम करू शकते. भारतात वाहन परवान्याच्या अर्जासोबतच्या स्वघोषणेत अपस्माराविषयी विचारलेले असते, त्यामुळे गाडी चालवण्याचा प्रश्न डॉक्टरांशी बोलूनच सोडवावा.

किरणांमुळे रक्तवाहिन्या अरुंद होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणून रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांकडे लक्ष द्यावे लागते. किरणांमुळे पुढे नवी गाठही होऊ शकते : इस्राएलमध्ये डोक्यावरील गजकर्णासाठी लहानपणी किरण दिलेल्यांमध्ये मेनिंजिओमाचे प्रमाण अनेक दशकांनी वाढलेले आढळले. ती मात्रा कर्करोगाच्या उपचारापेक्षा कितीतरी कमी होती.

गावचा डॉक्टर बदलतो, रुग्णालयातील फाइल सापडत नाही. म्हणून गाठीचा प्रकार, शस्त्रक्रियेची तारीख, किरणांची एकूण मात्रा आणि दिलेली औषधे यांची एकपानी नोंद रुग्णाकडेच असावी. कॉर्टिसॉलची कमतरता भरून काढणारे हायड्रोकॉर्टिसोन चालू असणाऱ्याच्या पाकिटात त्याची चिठ्ठीही हवी : ताप आल्यास मात्रा वाढवावी लागते, आणि उलट्या होत असल्यास तेच औषध इंजेक्शनने द्यावे लागते.