मोहाची भट्टी, अबकारी कायदा आणि खानदेशातील आदिवासी समाज : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

खानदेशाच्या इतिहासलेखनात कापूस, तापीचे खोरे आणि भिल्लांचे उठाव या विषयांना महत्त्वाचे स्थान मिळाले आहे. सातपुड्यातील आदिवासींच्या मोहाच्या भट्टीचा विचार मात्र प्रामुख्याने गुन्हा किंवा व्यसन या दोनच अंगांनी झाला. वस्तुतः घरगुती कसब, धार्मिक विधी आणि शासनाचे महसुली धोरण या तिन्हींचा इतिहास या भट्टीत सामावलेला आहे. स्कॉटलंडची माल्ट व्हिस्की हीसुद्धा मुळात शेतकऱ्याच्या घरची दारू होती. ती पुढे जगन्मान्य झाली. मोहाची दारू चोरटी ठरली. या फरकाची कारणे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे. त्यासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, 'खानदेश' या संज्ञेत आजचे जळगाव, धुळे व १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हे जिल्हे अभिप्रेत आहेत.

मोहाच्या दारूचे स्वरूप

फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले पहाटे गळू लागतात. झाडाखालची जागा आधीच स्वच्छ केलेली असते. स्त्रिया व मुले फुले वेचतात आणि ती उन्हात वाळवून साठवली जातात. ज्या दिवसांत शेतात काम नसते व घरातील धान्य संपत आलेले असते, त्याच दिवसांत हे फूल हाती येते. म्हणूनच ते प्रथम अन्न आहे, नंतर दारूचा कच्चा माल. वाळलेल्या फुलात साखरेचे प्रमाण मोठे असल्याने ते पाण्यात भिजवले की काही दिवसांत आंबते. आंबवण चुलीवरील भांड्यात तापवून त्याची वाफ थंड केली की दारू मिळते. पहिल्या धारेची दारू सर्वांत कडक असते. पुढच्या धारा सौम्य होत जातात.

माल्ट व्हिस्कीची प्रक्रिया तत्त्वतः हीच आहे. तेथे सातूला मोड आणून त्यातील पिष्टाची साखर करावी लागते. मोहात ती निसर्गतःच असते. व्हिस्की तांब्याच्या भट्टीत गाळून ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरवली जाते. मोहाची दारू मुरवण्याची प्रथा नाही. ती ताजीच वापरली जाते, कारण ती साठवण्यासाठी नव्हे तर प्रसंगासाठी गाळलेली असते. भिल्ल, पावरा आदी समाजांत देवाला व पूर्वजांना दारूची धार दिल्याशिवाय विधी पूर्ण होत नसे. लग्नाची बोलणी, मर्तिक आणि पंचांचा निवाडा या प्रसंगीही तिला सामाजिक कराराच्या साक्षीचे स्थान होते.

दोन कायदे, दोन परिणाम

अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश सरकारने स्कॉटलंडमधील लहान भट्ट्यांवर कडक बंधने घातली. परिणामी चोरट्या दारूला ऊत आला. अखेर १८२३ च्या कायद्याने दहा पौंड वार्षिक परवाना शुल्क ठेवून करही कमी केला. १८२४ मध्ये ग्लेनलिव्हेट खोऱ्यातील जॉर्ज स्मिथ या शेतकऱ्याने परवाना घेतला. शेजारच्या चोरट्या उत्पादकांचा रोष त्याला पत्करावा लागला. तथापि त्याच्या आसवनीतील व्हिस्की पुढे त्या खोऱ्याच्या नावाने प्रसिद्ध झाली. हा कायदा सर्वच लहान उत्पादकांना तारणारा नव्हता, कारण भट्टीला किमान चाळीस गॅलन क्षमतेची अट होती. परंतु स्थानिक माणसाला कायद्याच्या चौकटीत येण्याचा एक मार्ग त्याने खुला केला.

मुंबई इलाख्यातील १८७८ च्या अबकारी कायद्याची दिशा नेमकी उलट होती. विखुरलेल्या लहान भट्ट्या बंद करून उत्पादन सरकारी देखरेखीखालील मोठ्या आसवन्यांत एकवटणे आणि विक्रीचे हक्क मक्तेदारांना देणे, हे या धोरणाचे सूत्र होते. १८९२ च्या कायद्याने तर प्रथम ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांच्या साठवणुकीवरच निर्बंध आणले. जे फूल अन्न होते तेच संशयास्पद ठरले. आदिवासी उत्पादक नाहीसा झाला व ग्राहक तेवढा उरला. पूर्वी घरी होणाऱ्या दारूसाठी आता मक्तेदाराच्या दुकानात पैसे मोजावे लागले आणि पैसे नसतील तेथे कर्ज आले.

आदिवासी समाजाचा प्रतिसाद

या परिस्थितीला आदिवासींनी दिलेले उत्तर केवळ चोरून दारू गाळण्याचे नव्हते. १९२२ च्या देवी चळवळीने दक्षिण गुजरातेतील आदिवासींना दारू-ताडी सोडण्याचा आदेश दिला. त्यातून दारूच्या व्यापाऱ्यांची पकडही सैल झाली. पश्चिम खानदेशात तळोदा तालुक्यातील संत गुलाम महाराज यांनी १९३७-३८ मध्ये मद्यत्याग, स्वच्छता व परस्परांविषयी आदर यांचा उपदेश केला. 'आप की जय' या अभिवादनाने त्यांच्या आरतीला हजारोंचा समुदाय जमू लागला. १९३८ मध्ये त्यांच्या निधनानंतर बंधू रामदास महाराज यांनी हे कार्य पुढे नेले.

स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने भट्टी पूर्णपणे बेकायदेशीर ठरली. पण बंद झाली नाही. मोहाऐवजी काळा गूळ व नवसागर वापरणाऱ्या हातभट्टीने गावोगाव मूळ धरले. १९७२-७३ च्या सुमारास शहादा परिसरात श्रमिक संघटनेच्या चळवळीत आदिवासी स्त्रियांनी दारूची मडकी फोडली. येथे एक गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. मोहफूल वेचणारे हात आणि मडके फोडणारे हात स्त्रियांचेच होते. नवऱ्याची मारहाण व मजुरीची नासाडी त्यांनी सोसली होती. म्हणून मोहाच्या दारूचे केवळ गौरवगान करणे हे इतिहासाशी प्रामाणिक राहणे ठरणार नाही.

अलीकडील काळ

गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नंदुरबारला लागून असलेल्या अलिराजपूर जिल्ह्यासह काही भागांत मध्य प्रदेश शासनाने २०२२ नंतर बचतगटांमार्फत मोहाच्या दारूला 'वारसा मद्य' म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये आदिवासींसाठी मोहफुलांच्या संकलन, साठवणूक व वाहतुकीवरील निर्बंध शिथिल केले. विनापरवाना दारू गाळणे मात्र गुन्हाच राहिले.

निष्कर्ष

माल्ट व्हिस्की आणि मोहाची दारू यांच्या प्रतिष्ठेतील अंतर केवळ चवीतून किंवा कसबातून निर्माण झालेले नाही. कायद्याने कोणाला उत्पादक मानले, यावर ते मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. त्याच वेळी खानदेशातील मद्यविरोधी चळवळी बाहेरून लादलेल्या नव्हत्या. मक्तेदारीपासून मुक्ती आणि स्त्रियांचे संरक्षण हे त्यांचे आशय होते. म्हणून यापुढे मोहाविषयी कोणतेही धोरण आखताना दोन प्रश्न अटळ ठरतात. उत्पन्न फुले वेचणाऱ्या स्त्रीच्या हाती राहणार की नव्या मक्तेदाराच्या? आणि गावात भट्टी असावी की नसावी, हे ठरविण्याचा अधिकार तिला असणार की नाही? या प्रश्नांची उत्तरे न देता केलेला 'वारशाचा' गौरव म्हणजे १८७८ च्या धोरणाचीच नवी आवृत्ती ठरण्याचा धोका आहे.