रोगजंतूंवरील पहारा

राष्ट्राचें रक्षण म्हटलें कीं किल्ले, तोफा आणि विमानें यांचीच आठवण होते. परंतु जो शत्रु डोळ्यांना दिसत नाहीं आणि एका लहानशा काचनळींत सहज मावतो, त्याच्यावर पहारा कोणीं ठेवावा व कसा ठेवावा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. माणसानें माणसाविरुद्ध हेतुपुरस्सर रोग पसरविणें ही दूरदेशींच्या महायुद्धांतील गोष्ट आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः या विषयाचा एक महत्त्वाचा धडा कलकत्त्याच्या न्यायालयांत फार पूर्वींच लिहिला गेला असून त्याचा निम्मा भाग मुंबईंत घडलेला आहे.

हा धडा समजण्यासाठीं प्रथम इ. स. १८९६ कडे वळलें पाहिजे. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेगचे रोगी ओळखले. पाहतां पाहतां साथ शहरभर पसरली आणि पुढील दोन तपांत तिनें देशांतील एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. या संकटांत वाल्डेमार हाफकिन यांनीं मुंबईंत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्यें त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें गेली. तिलाच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट असें नांव मिळालें. लस करावयाची तर प्लेगचे जंतु जवळ बाळगावे लागतात, वाढवावे लागतात. म्हणजे ज्या कपाटांत लाखोंचे प्राण वाचविणारें साधन तयार होतें, त्याच कपाटांत प्राण घेणारें साधनहि असतें. दोहोंमध्यें अंतर असतें तें केवळ कपाटाच्या किल्लीचें.

ही किल्ली किती मोलाची आहे, तें १९३३ सालीं दिसून आलें. आज झारखंड राज्यांत असलेल्या पाकूर येथील एका जमीनदार घराण्यांत वडिलांच्या मागें इस्टेटीवरून सावत्र भावांत वितुष्ट आलें होतें. थोरला विनयेंद्र पांडे, धाकटा अमरेंद्र. २६ नोव्हेंबर १९३३ रोजीं वीस वर्षांचा अमरेंद्र हावडा स्टेशनच्या गर्दींतून पाकूरच्या गाडीकडे चालला असतां खादीच्या वेषांतील एक ठेंगणा मनुष्य त्याला घासून गेला आणि त्याच्या उजव्या हातांत कांहींतरी टोचलें. नातलगांनीं तेथेंच थांबून रक्त तपासून घेण्याचा आग्रह धरला. परंतु न बोलावतां स्टेशनवर आलेल्या विनयेंद्रानें ती गोष्ट हंसण्यावारी नेऊन त्याला गाडींत बसविलें. तीन दिवसांनीं अमरेंद्र ताप घेऊन कलकत्त्यास परतला. डॉक्टरांना त्याच्या हातावर सुई टोचल्यासारखी खूण आढळली. ताप चढत गेला, काखा सुजल्या आणि ४ डिसेंबरच्या पहांटे त्याचा अंत झाला. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनियाची नोंद झाली.

प्रकरण तेथेंच मिटावयाचें. पण मृत्यूनंतर रक्ततपासणीचा अहवाल हातीं आला आणि त्या रक्तांत प्लेगचे जंतु सांपडले! कलकत्त्यांत तर मागील तीन वर्षांत प्लेगचा एकहि रोगी नोंदला गेला नव्हता. मग हे जंतु आले कोठून? या एका प्रश्नाचा माग काढीत पोलिस थेट मुंबईस पोंचले.

न्यायालयापुढें जें उघड झालें तें असें. विनयेंद्राचा मित्र डॉ. तारानाथ भट्टाचार्य यानें १९३२ च्या मे महिन्यांत हाफकिन इन्स्टिट्यूटकडे प्लेगच्या जंतूंची मागणी केली. बंगालच्या सर्जन-जनरलची परवानगी असल्याशिवाय जंतु मिळणार नाहींत, असें संचालकांनीं उत्तर दिलें. पहिला पहारा येथें जागा होता. तेव्हां, आपणांस प्लेगवर औषध सांपडलें आहे अशी बतावणी करून तारानाथानें कलकत्त्याच्या एका डॉक्टराच्या प्रयोगशाळेंत प्रवेश मिळविला. परंतु तेथें मुंबईहून आलेले जंतु वाढलेच नाहींत. १९३३ च्या उन्हाळ्यांत दोघे मुंबईस आले. इन्स्टिट्यूटमधील दोघां पशुवैद्यांना लांच देऊन जंतु बाहेर काढण्याचा त्यांनीं प्रयत्न केला. अखेरीस ‘डॉक्टर मित्राच्या संशोधना’साठीं म्हणून विनयेंद्रानें आर्थर रोडच्या सांथीच्या रोगांच्या इस्पितळांत रदबदली केली आणि तेथील प्रयोगशाळेचें दार तारानाथाला उघडलें. अवघ्या पांच दिवसांनीं, १२ जुलै रोजीं, त्यानें काम एकाएकीं थांबविलें आणि दोघे कलकत्त्यास परतले. जंतु तेथूनच चोरले गेले, असा न्यायालयाचा निर्णय झाला. दोघांना फांशीची शिक्षा झाली. जानेवारी १९३६ मध्यें कलकत्ता हायकोर्टानें ती जन्मठेपेवर आणली.

या खटल्याकडे केवळ भाऊबंदकीची विलक्षण कथा म्हणून पाहिल्यास त्यांतील मर्म हातचें जातें. गुन्हेगार अडला तो एका साध्या नियमानें, आणि सुटला तो एका साध्या शिफारशीनें. गुन्हा उघड झाला तोहि कोणा गुप्तहेराच्या चातुर्यानें नव्हे. रोग्याचें रक्त तपासलें गेलें म्हणून, आणि शहराच्या आरोग्यखात्याच्या वहींत रोग्यांची नोंद बिनचूक होती म्हणून. प्लेग नित्याचा असता अथवा नोंदवही गलथान असती, तर हा मृत्यु इतर हजारांत बेमालूम मिसळून गेला असता.

शिफारशीच्या दारानें येणारा धोका त्या काळाबरोबर संपला नाहीं. १९२५ च्या जिनीव्हा करारानें युद्धांत रोगजंतूंचा वापर निषिद्ध ठरविला आणि १९७२ च्या करारानें असलीं शस्त्रें बनविण्यास व साठविण्यासहि मनाई केली. भारतानेंहि हा दुसरा करार मान्य केलेला आहे. तथापि करार राष्ट्रांना बांधतो. किल्ली हातीं असलेल्या एकट्यादुकट्या माणसाला तो बांधूं शकत नाहीं. २००१ मध्यें अमेरिकेंत टपालाच्या पाकिटांतून अँथ्रॅक्सचे जंतु धाडले गेले. पांच माणसें दगावलीं व सतरा आजारी पडलीं. ते जंतु बाहेरच्या शत्रूचे नसून अमेरिकेच्याच एका सरकारी प्रयोगशाळेंतील होते, या निष्कर्षाप्रत तेथील तपासयंत्रणा आली.

तथापि कुलपें आणि नोंदवह्या यांच्याहूनहि एक मोठी तटबंदी आहे आणि तिचें मोल पुण्यानें १८९७ मध्यें जाणलें. साथ आटोक्यांत आणण्यासाठीं रँडसाहेबाच्या अधिकारांत गोरे सोजीर घरोघर शिरले. देवघर पाहिलें नाहीं, माजघर पाहिलें नाहीं. परिणाम असा झाला कीं लोक रोगाहून तपासनिसाला अधिक भिऊं लागले आणि रोगी लपवूं लागले. २२ जूनच्या रात्रीं रँडवर गोळी झाडली गेली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्याच पुण्यांत त्याच वर्षीं सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या, आणि त्याच रोगानें १० मार्च रोजीं त्यांचें देहावसान झालें. एका हातानें रोगी लपविले गेले, दुसऱ्या हातीं ते विश्वासानें सोपविले गेले. रोगी लपला म्हणजे नोंद लपते, आणि नोंद लपली म्हणजे साथ नैसर्गिक कीं कोणीं हेतुतः आणलेली, हें ओळखण्याचा मार्गच बंद होतो. १९९४ मध्यें सुरतेंत प्लेगची वार्ता पसरतांच लाखों लोक शहर सोडून निघाले. भीतीला विश्वासाचा बांध नसला कीं काय होतें, त्याचें हें अलीकडचें उदाहरण.

रोग निसर्गानें आणलेला असो वा माणसानें, त्याची पहिली चाहूल लागते ती गल्लींतल्या दवाखान्यांत. तेथला डॉक्टर दक्ष असेल, त्याच्यामागें प्रामाणिक प्रयोगशाळा असेल आणि रोगी निर्भयपणें त्याच्यापुढें येत असेल, तर राष्ट्राचा पहारा जागा आहे असें समजावें. हा पहारा संकटाच्या दिवशीं उभा करतां येत नाहीं. शांततेच्या काळांत, कंटाळवाण्या वाटणाऱ्या रोजच्या कामांतूनच तो उभा राहतो.