प्रवासी छायाचित्रण : एक कॅमेरा, एक भिंग

प्रवासात पाहिलेली स्थळे, माणसे व प्रसंग यांची छायाचित्रे घेण्यासाठी एकच कॅमेरा आणि ठराविक केंद्रांतराचे एकच भिंग वापरण्याची पद्धती. दूरवरच्या वस्तूवर भिंग केंद्रित केले असता त्याचा प्रकाशीय मध्य व प्रतिमेची पातळी यांमध्ये जे अंतर असते, त्यास भिंगाचे केंद्रांतर म्हणतात. केंद्रांतर कमी असल्यास चित्रात अधिक रुंद क्षेत्र येते व वस्तू लहान दिसतात; ते जास्त असल्यास क्षेत्र अरुंद होते व वस्तू मोठ्या दिसतात. एका भिंगावर भागविणे ही प्रारंभी तांत्रिक अपरिहार्यता होती. पुढे अनेक भिंगे सहज मिळू लागल्यावर ती छायाचित्रकाराने जाणून स्वीकारलेली मर्यादा बनली. भिंगाच्या निवडीने सामानाचे वजन ठरते, तसेच प्रवासी आणि त्याच्यासमोरचा माणूस यांमधील अंतरही ठरते.

इतिहास : लूई दागेअर (१७८७–१८५१) यांची छायाचित्रणपद्धती १८३९ मध्ये जाहीर झाली आणि लवकरच प्रवासी कॅमेरे घेऊन बाहेर पडले. तथापि १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेवर लेप देणे, तिचे उद्‌भासन करणे व ती विकसित करणे ही सर्व कामे लेप वाळण्यापूर्वी, म्हणजे काही मिनिटांतच, उरकावी लागत. त्यामुळे प्रवाशाला काचा, रसायने व अंधाऱ्या खोलीचा तंबू बरोबर न्यावा लागे. प्रतिमा मोठी करण्याच्या सोयी अपुऱ्या असल्याने मोठे चित्र हवे असल्यास काचही तेवढीच मोठी लागे. फ्रान्सिस फ्रिथ (१८२२–९८) यांनी १८५६ ते १८६० या काळात ईजिप्त व पॅलेस्टाइन येथील प्रवासांत तीन आकारांचे कॅमेरे वापरले. त्यांतील सर्वांत मोठ्या कॅमेऱ्याच्या काचा सु. ४० × ५० सेंमी. होत्या. सॅम्युएल बोर्न (१८३४–१९१२) यांच्या १८६३ मधील पहिल्या हिमालय मोहिमेत सु. ३० हमाल सामान वाहत होते. १८६६ मध्ये त्यांनी ५,५०० मी.हून अधिक उंचीवरील मणिरंग खिंडीत छायाचित्रे घेतली. अशा प्रवासात कॅमेरा कोठे उभा करावयाचा याचा निर्णय बऱ्याच आधी घ्यावा लागे आणि क्षणिक घटना चित्राबाहेरच राही. अजिंठा येथे दीर्घकाळ काम केलेले रॉबर्ट गिल (१८०४–७९) यांनी लेण्यांच्या छायाचित्रणासाठी लहान आकाराची त्रिमितीय चित्रे घेणारा कॅमेरा वापरला. त्यांची ७४ छायाचित्रे असलेला, जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह निघालेला ग्रंथ १८६४ मध्ये प्रसिद्ध झाला.

रिचर्ड मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये सुचविलेल्या जिलेटिनाच्या कोरड्या काचेमुळे तंबूची गरज संपली. जॉर्ज ईस्टमन (१८५४–१९३२) यांनी १८८८ मध्ये विक्रीस आणलेल्या कोडॅक कॅमेऱ्यात १०० चित्रांची गुंडाळी आधीच भरलेली असे. त्याचे भिंग बसविलेले व कायम केंद्रित होते, दृश्यदर्शकही नव्हता. किंमत २५ डॉलर होती. चित्रे संपली की संपूर्ण कॅमेरा कारखान्यात पाठवावा लागे. ‘एक कॅमेरा, एक भिंग’ ही रचना सर्वसामान्य प्रवाशाच्या हाती आली ती अशी. पण तीत सोय होती, नेमकेपणा नव्हता.

लायका व त्यानंतर : हा नेमकेपणा जर्मनीतील वेट्सलार येथील लाइट्स कारखान्यात काम करणारे ऑस्कर बारनाक (१८७९–१९३६) यांच्या प्रयत्नांतून आला. बारनाक यांना भटकंतीची आवड होती. परंतु प्रकृती नाजूक असल्याने काचांचा जड कॅमेरा वाहणे त्यांना झेपत नसे. लहान नकारचित्र घ्यावे व त्यावरून मोठे चित्र करावे, ही कल्पना त्यांनी चलच्चित्रासाठी वापरल्या जाणाऱ्या ३५ मिमी. फिल्मच्या साहाय्याने प्रत्यक्षात आणली. चलच्चित्राची १८ × २४ मिमी. चौकट दुप्पट करून त्यांनी २४ × ३६ मिमी. चौकट घेतली. पहिला नमुना १९१४ च्या सुमारास तयार झाला. महायुद्धामुळे काम लांबले आणि १९२५ मध्ये लाइपसिक येथील वसंत जत्रेत लायका कॅमेरा लोकांपुढे आला. माक्स बेरेक (१८८६–१९४९) यांनी त्यासाठी ५० मिमी. केंद्रांतराचे, एफ/३·५ छिद्राचे भिंग रचले. ते कॅमेऱ्यावर पक्के बसविलेले होते; भिंगे बदलण्याची सोय १९३० मध्ये झाली. त्यापूर्वी, १९२९ मध्ये, निघालेल्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याचे छायाचित्रण भिंगही पक्के होते व छायाचित्रकार तो छातीशी धरून वरून त्यात पाही.

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्त्ये-ब्रेसाँ (१९०८–२००४) यांनी १९३२ मध्ये लायका घेतला. इतर भिंगे मिळत असूनही त्यांचे बहुतेक काम ५० मिमी. भिंगाने झाले. १९४७ मध्ये ते भारतात आले. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्ली येथे त्यांनी महात्मा गांधींची भेट घेतली. त्याच सायंकाळी गांधीजींची हत्या झाली. नंतर फाटकापाशी उभे राहून लोकांना ही वार्ता सांगणारे पंडित नेहरू आणि दुसऱ्या दिवशीची अंत्ययात्रा त्यांनी चित्रित केली. नेहरूंचे ते चित्र रात्रीचे व अपुऱ्या उजेडातील आहे. मोठी सामग्री मांडण्यास तेथे अवसर नव्हता. हातातील ओळखीच्या कॅमेऱ्यानेच ते काम होऊ शकले. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले रॉबर्ट फ्रँक (१९२४–२०१९) यांनी १९५५ पासून गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर अमेरिकेत मोटारीने प्रवास करून लायकाने सु. २८,००० चित्रे घेतली. त्यांतील ८३ चित्रांचा ग्रंथ १९५८ मध्ये फ्रान्समध्ये व १९५९ मध्ये अमेरिकेत निघाला. सामग्री आटोपशीर असली, तरी परिश्रम व निवड यांची कठोरता कमी होत नाही, हे या आकड्यांवरून दिसते.

भिंगाची निवड : चित्रातील यथादर्शन, म्हणजे जवळच्या व दूरच्या वस्तूंच्या आकारांचे परस्परप्रमाण, भिंगावर नव्हे तर कॅमेऱ्याच्या स्थानावर अवलंबून असते. भिंग फक्त त्या दृश्याचा किती भाग चौकटीत घ्यावयाचा हे ठरविते. त्यामुळे एकच भिंग घेतल्यावर चौकट बदलण्याचा मुख्य उपाय पायांनी पुढेमागे सरकणे हाच उरतो. २४ × ३६ मिमी. चौकट उभी धरून १·७ मी. उंचीच्या माणसाने ती पूर्ण भरावयाची असेल, तर २८ मिमी. भिंगाने सु. १·३ मी., ३५ मिमी. भिंगाने सु. १·७ मी., ५० मिमी. भिंगाने सु. २·४ मी., १०५ मिमी. भिंगाने सु. ५ मी. आणि २०० मिमी. भिंगाने सु. ९·५ मी. अंतरावर उभे राहावे लागते. म्हणजे ३५ मिमी. भिंग वापरणारा समोरच्या माणसाच्या उंचीइतक्याच अंतरावर, सहज बोलता येईल असा असतो, २०० मिमी. भिंग वापरणारा रस्त्याच्या पलीकडे असतो व अनेकदा समोरच्याला दिसतही नाही.

या फरकामुळे निवडीला नैतिक बाजूही प्राप्त होते. बोलण्याच्या अंतरावर आलेल्या परक्या प्रवाशाला समोरचा माणूस नकार देऊ शकतो, नाव विचारू शकतो किंवा हसून परवानगी देऊ शकतो. दुरून टिपल्या गेलेल्या माणसाला ही संधी मिळत नाही. मात्र जवळीक म्हणजे संमती नव्हे. स्वतः कार्त्ये-ब्रेसाँ लोकांच्या नकळत चित्रे घेण्यावर भर देत. लहान भिंग सौजन्याची हमी देत नाही. ते सौजन्याची वेळ आणते, एवढेच.

एकाच भिंगाचा दुसरा लाभ सवयीचा आहे. काही आठवडे एकच केंद्रांतर वापरल्यावर कॅमेरा डोळ्यास न लावताही चौकट कोठे संपेल याचा अंदाज येतो. ३५ मिमी. भिंगाचे छिद्र एफ/८ ठेवून ते ५ मी. अंतरावर केंद्रित केल्यास सु. २·५ मी.पासून क्षितिजापर्यंतचे जवळजवळ सर्व दृश्य पुरेसे स्पष्ट येते. मग प्रत्येक चित्रासाठी केंद्रीकरण करण्यात वेळ जात नाही. याउलट वन्य प्राणी, दूरची शिखरे वा मंदिराच्या उंच शिखरावरील शिल्पे यांसाठी दीर्घ केंद्रांतर लागते आणि अरुंद लेण्यात ५० मिमी. भिंग अपुरे पडते. अशी चित्रे सोडून देण्याची तयारी नसेल, तर ही पद्धती स्वीकारू नये.

आधुनिक काळ : छायाचित्रणासाठी केंद्रांतर बदलता येणारे, म्हणजे झूम, भिंग १९५९ मध्ये बाजारात आले व पुढील दशकांत त्याचा प्रसार झाला. एकाच भिंगात अनेक केंद्रांतरे सामावल्यामुळे एका भिंगाची सक्ती उरली नाही. असे असताही २०११ मध्ये विक्रीस आलेल्या फूजीफिल्म एक्स १०० या अंकीय कॅमेऱ्यावर २३ मिमी.चे एकच भिंग पक्के बसविलेले होते. त्याच्या लहान संवेदकामुळे मिळणारे क्षेत्र जुन्या ३५ मिमी. भिंगाइतके होते. त्यानंतर या प्रकारचे इतर कॅमेरेही निघाले. मोबाइल फोनवर प्रारंभी एकच भिंग होते. २०१६ नंतर अनेक भिंगांचे फोन प्रसार पावले. तांत्रिक सक्ती संपल्यानंतरही पक्क्या भिंगाचे कॅमेरे विकत घेतले जातात, यावरून ही मर्यादा काहींना उपयुक्त वाटते हे स्पष्ट होते. बोर्न यांच्या हमालांनी वाहिलेले ओझे आज खिशात मावते. परंतु चित्र घेण्यासाठी माणसाच्या किती जवळ जावयाचे, हा निर्णय प्रवाशालाच करावा लागतो.